कापसाचे सहा बोळे

आजाऱ्याला शेवटचं तेल द्यायला फादर घरी यायचे असले, की टेबलावर काय काय मांडायचं हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पांढरी चादर, कुठंही सुरकुती नसलेली. मधोमध क्रूस. दोन्ही बाजूंना देवळातून आशीर्वाद घेऊन आणलेल्या मेणबत्त्या. पवित्र पाण्याची वाटी आणि शिंपडायला हिरवी डहाळी. एका बशीत पावाचा मऊ तुकडा, फादरांची बोटं पुसायला. आणि दुसऱ्या बशीत कापसाचे सहा बोळे. डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय, एवढ्या ठिकाणी फादर तेल लावतात आणि दर ठिकाणचं तेल नव्या बोळ्यानं टिपतात. हे बोळे वळायला आईनं मला आठव्या वर्षी शिकवलं. शेजारच्या मुली त्या वयात वाती वळत होत्या. तेवढाच काय तो फरक.

आम्ही कर्जतचे रेल्वेतले किरिस्ताव. मूळ वसईकडचं, पण माझा जन्म कर्जतचाच. वडील इंजिन ड्रायव्हर होते. स्टेशनाच्या मागल्या बाजूला त्यांनी कौलारू घर बांधलं आणि दोनच वर्षांत स्वतः निघून गेले. मग उरलो आई, माझा थोरला भाऊ आणि मी. दादा फायरमन होता. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढवायला कर्जतला मागून दुसरं इंजिन लावत. त्या ढकलणाऱ्या इंजिनात तो कोळसा मारायचा. घाटात विजेची इंजिनं आली ती त्यानंतर लवकरच. ती दोन वर्षं आधी आली असती तर, असं मी पुष्कळदा म्हणते, पण त्याला अर्थ नाही. त्याची छाती कोळशानं गेली की आणखी कशानं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. क्षय, एवढंच ते म्हणाले.

पण ते नंतरचं. आधी करवंदं आली. पळसदरीला इंजिन सिग्नलसाठी थांबायचं आणि तिथं एक तरुण बाई करवंदांचे द्रोण विकायची. दादाला आंबट म्हणजे विष. तरी त्या उन्हाळ्यात तो रोज दोन द्रोण घेऊन घरी यायचा, आणि ते सगळे मी फस्त करायची. माझी जीभ जांभळी झालेली असायची. मी त्याला छेडायची, "दादा, करवंदं गोड हायत का विकणारी?" तो गालात हसायचा. मला वाटलं थट्टा चाललीय. थट्टा मी एकटीच करत होते.

ती खालापूरकडची, कुणब्याची मुलगी. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला, सासरच्यांनी भावाकडे आणून सोडली. माझ्यापेक्षा तीनचार वर्षांनी मोठी असेल. दादानं आईला सांगितलं तेव्हा आई तांदूळ पाखडत होती. तिनं हातातलं सूप थांबवलंसुद्धा नाही. "बाप्तिस्मा घेईल?" एवढंच विचारलं. घेणार नव्हती. "मी माजा देव सोडनार नाय, त्यांनी त्यांचा सोडू नये," असं तिचं म्हणणं. केवढं साधं! आणि तेवढ्यावरून दोन्ही घरांची दारं लागली. तिच्या भावानं तिला उंबऱ्यावरून परत पाठवलं, आमच्या आईनं दादाला. दोघांनी पळसदरीला एक खोली घेतली आणि लग्नावाचून तिथं राहू लागली.

कर्जतला तेव्हा आमचं देऊळ नव्हतं. महिन्यातून एकदा कल्याणहून फादर येत आणि रेल्वेच्या हॉलमध्ये मिस्साची प्रार्थना होई, ज्या टेबलावर आठवडाभर साहेबलोक पत्ते कुटत त्याच टेबलावर चादर घालून. दादा नेमानं यायचा. एका रविवारी तो कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला सगळ्यांबरोबर गुडघे टेकून बसला, तोंड उघडलं, आणि फादर त्याला ओलांडून शेजारच्या माणसाकडे गेले. मिस्सा संपल्यावर दारात सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "ती बाई सोडून ये, मग देवाकडे ये." दादा टोपी हातात घेऊन रुळाच्या कडेनं पळसदरीला चालता झाला. आई दोन दिवस जेवली नाही. पण फादरांचं ते वाक्य तिनं गाठ मारून ठेवलं. आणि मीही.

दोन वर्षांनी त्याच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. आईनं बैलगाडी धाडून त्याला घरी आणवला. गाडीमागून ती बाई चालत आली होती. आई दार अडवून उभी राहिली. दादा गाडीतूनच म्हणाला, "ती भायेर, तर मी पन भायेर." आईनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. त्याच्या अंगात काही उरलं नव्हतं. मग तिनं बाईला मागची पडवी दिली. चुलीपाशी यायचं नाही आणि क्रूस असलेल्या खोलीत पाय ठेवायचा नाही, या अटीवर. दादाची खाट पडवीला लागून असलेल्या खोलीत टाकली.

पहिल्याच दिवशी तिनं मला हाक मारली, "वन्सं, वाईच ऊन पानी देता का?" मी उसळले. "मी तुझी कोण वन्सं? लग्न कुठं झालंय तुझं?" तिनं पाणी घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "वन्सं" म्हणाली. मला तिचा राग येई. खरं सांगायचं तर तिच्या हातांचा राग येई. दादाची उबळ यायच्या आधीच तिला कळत असे. ती पाठीमागे हात घालून त्याला उठवी, भांडं पुढं धरी, तोंड पुसून पुन्हा निजवी, आणि तो डोळे मिटून तिच्या मनगटावर गाल टेकवून पडून राही. माझ्या हातून पेज पाजताना निम्मी गळ्यावर सांडायची. आई तिच्याशी बोलत नसे. "तिला सांग पेज गार झाली," असं मला सांगे, आणि ती चार हातांवर उभी असे. पण एका पहाटे आईनं आपलं जुनं लुगडं तिच्या अंगावर पांघरलेलं मी पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "फाटलं व्हतं ते." फाटलं नव्हतं.

असे तीन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता दोन दिवस, फार तर. सकाळी आईनं स्टेशनातून कल्याणला तार केली. फादर दुपारच्या गाडीनं येणार असं उत्तर आलं. आईनं मोठी चादर काढली, टेबल मांडलं, मी बोळे वळले. सगळं झाल्यावर ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "तिला घालव. फादर यायच्या आत. ती घरात असली तर ते त्याला माफी देनार नायत. तुला ठाव हाय ते काय बोललेले." दादानं नरकात जावं की त्या बाईनं खालापूरला जावं, असा तिच्यापुढचा हिशेब होता, आणि त्यात तिला शंका नव्हती. मला तरी कुठं होती? "मी नाय सांगू शकत," आई म्हणाली. "तू सांग."

मी पडवीत गेले. दादा झोपला होता. आईनं सांगितलंय असं म्हटलं तर ती हलणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी म्हटलं, "दादानं सांगितलंय, तू आता जा. फादर यायचेत. तू असलीस तर त्याला माफी मिळणार नाही."

"त्यांनी सांगितलं?"

"हो."

तिनं आत पाहिलं. "येकदा बगून जाऊ?"

"नको. तुला बघितलं की त्याचा जीव अडकेल."

हे शेवटचं मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं मलाच सुचलं. मग तिनं कोपऱ्यातल्या रक्ताच्या चादरी गोळा करून त्यांचं गाठोडं बांधलं. "येवड्या पळसदरीच्या तळ्यावर धुते, वाळल्या की कुनाच्या तरी हाती धाडते. मंग जाते खालापूरला," म्हणाली. भावानं घेतलं तर, हे ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. ती परसदारानं गेली.

तासाभरानं दादा जागा झाला. डोळे पडवीकडे. "ती कुटं हाय?" आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "गेली, दादा. तिचा भाऊ आला होता न्यायला."

"आपनहून गेली?"

"हो. आपणहून."

तो जरा हसल्यासारखा झाला. "बरं झालं," म्हणाला. "हितं काय व्हतं तिला." आणि भिंतीकडे तोंड करून वळला. तेवढं वळण्यासाठी त्याला किती जोर लावावा लागला ते मी पाहिलं. त्यानंतर तो एक अक्षर बोलला नाही. आईनं पाणी पाजायला पाहिलं, त्यानं ओठ उघडले नाहीत. मी स्वतःला बजावत होते की फादर येईपर्यंतच, एकदा माफी मिळाली की झालं.

फादर आले ते घामानं भिजलेले. खाटेकडे एक नजर टाकली आणि काही न विचारता लगेच तेलाची डबी काढली. दादाचा श्वास तेव्हा अडकत अडकत चालला होता, पण हात धरला तर तो बोट दाबत होता. त्याला ऐकू येत होतं. बशी मी धरली. डोळ्यांना तेल लावलं, पहिला बोळा. मग कान. प्रार्थना लॅटिनमधली, पण अर्थ आईनं शिकवला होता: या कानांनी ऐकून जे पाप घडलं असेल ते देवा माफ कर. फादरांनी माझ्या बशीतला दुसरा बोळा उचलला आणि त्याचे कान पुसले. मी त्या कानांपासून हातभर अंतरावर उभी होते. त्या कानांत शेवटचं मी काय घातलं होतं, हे मला माहीत होतं. मी बशी दोन्ही हातांनी घट्ट धरली. तोंड मात्र उघडलं नाही.

तेल झालं. फादरांनी पावाच्या तुकड्याला बोटं पुसली, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "ती बाई कुठे आहे?"

आई पुढं झाली. किती दिवसांनी तिची मान वर होती! "घालवली, फादर. घर स्वच्छ केलंय."

"कुणी सांगितलं होतं?"

"तुमीच सांगितलं व्हतं."

फादर खुर्चीवर बसले. "ते जगणाऱ्याला सांगितलं होतं, बाई. माणूस मरणाला टेकला असेल तर मला लग्न लावून द्यायची परवानगी आहे. ती हिंदू असली तरी. त्यानं हो म्हणायचं, तिनं हो म्हणायचं, दोन साक्षीदार. त्यासाठीच तर घाईनं आलो मी." त्यांनी दादाचा हात हातात घेतला. "हा अजून बोट दाबतोय. तेवढं पुरे. ती कुठवर गेली असेल?"

मी बशी टेबलावर ठेवली आणि धावत सुटले.

रुळाच्या कडेनं पळसदरी कर्जतहून तासाभराची वाट. मी ती धावत, चालत, पुन्हा धावत काढली. वाटेत एक घाटाकडे जाणारी गाडी गेली, मागून तेच ढकलणारं इंजिन. वाटभर मी देवाशी सौदा करत होते की ती सापडू दे, फक्त ती तिथं असू दे, बाकी मी काही मागणार नाही. तळ्याच्या काठावर खडकांवर चादरी पसरलेल्या दिसल्या. ती वाळत आलेल्या दोन चादरींच्या घड्या करून खांद्यावर टाकत होती आणि बाकीच्या वाळल्या की खालापूरच्या वाटेला लागणार होती. हाक कशी मारायची? तीन आठवड्यांत मी तिला कधी कसलीच हाक मारली नव्हती. "वहिनी!" मी ओरडले. ती जागच्या जागी थांबली.

मी तिला सगळं सांगितलं. दादानं तुला जा म्हटलंच नव्हतं, मी खोटं बोलले. फादर लग्न लावायला तयार आहेत, तो अजून आहे, चल. मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "हायत ना?" मी हो म्हटलं. तिनं खांद्यावरच्या दोन चादरी तशाच ठेवल्या, बाकीच्या खडकांवर सोडल्या, आणि निघाली. मी मागे पडत होते. ती मान वळवून बोलत होती. तिला अजून राग आला नव्हता. आनंदच झाला होता. "मला वाटलंच," म्हणाली, "ते नाय तसं सांगनार. मला वाटलंच व्हतं."

अर्धी वाट झाल्यावर तिनं विचारलं, "आनि मी नाय दिसले तवा त्यांना काय सांगितलंत?"

खोटं बोलायची ताकद संपली होती. "तू आपणहून गेलीस, असं," मी म्हटलं.

ती थांबली. "मंग निगताना तरी सांगितलंत का, ते खोटं व्हतं म्हनून? वन्सं? त्यांच्या कानात सांगून निगालात ना?"

मी सांगून निघाले नव्हते. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खाट माझ्यापासून दोन पावलांवर होती. वाकून तीन शब्द बोलायला किती वेळ लागला असता? मी तिला आणायला धावले, सगळ्या कर्जतनं पाहिलं असेल कशी धावले ती, आणि जे तिथल्या तिथं करता येत होतं ते केलं नाही. आता मला वाटतं, ते करावं लागू नये म्हणूनच मी धावले.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर खोचून पळायला लागली. मी तिला पुन्हा गाठू शकले नाही.

मी घरी पोचले तेव्हा दारात फादर उभे होते आणि त्यांच्या हातातली मेणबत्ती विझलेली होती. दादाला जाऊन पाव तास झाला होता, ती पोचायच्या आधीच. ती आत होती. क्रूसाच्या खोलीतून गेली होती, आणि आईनं अडवलं नव्हतं. खाटेपाशी गुडघ्यांवर बसून, त्याच्या कानाला तोंड लावून ती बोलत होती, तो जणू जरा कमी ऐकत असावा तशी, मोठ्यानं. "मी गेले नवते वो. कापडं धुवाया गेलेले. ऐकलंत का? तळ्यावर गेलेले. मी गेले नवते." पुन्हा पुन्हा तेच. फादरांनी पाठ फिरवली. आई भिंतीला टेकून ऐकत होती. मग आई उठली, तिच्या खांद्यावरची एक चादर काढून घेतली आणि दादाच्या अंगावर घातली. चादर अजून दमट होती. त्या दोघींमध्ये तीन आठवड्यांत समोरासमोर झालेला तेवढाच एक व्यवहार मी पाहिला.

त्याला कर्जतलाच पुरलं. ती मागे, सगळ्यांपासून वेगळी, पण शेवटपर्यंत उभी होती. नंतर खालापूरला गेली. भावानं गोठ्याशेजारी जागा दिली असं कळलं. मृतांच्या सणाला, नोव्हेंबरात, ती दर वर्षी कबरीवर यायची, झेंडूची फुलं घेऊन. मेणबत्ती तिनं कधी लावली नाही आणि आम्ही कधी दिली नाही. पहिल्या वर्षी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माजी कशाला मागता." एवढंच. वन्सं म्हणाली नाही. पुढंही कधी म्हणाली नाही.

ते पाप मी फादरांपुढं कबूल केलं, एकदा नाही, दर महिन्याला. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मुली, देवानं ते केव्हाच माफ केलंय. किती वेळा तेच सांगशील?" मला त्यांच्यावर राग काढायचा होता, पण त्यांचे केस त्या एका वर्षात पांढरे झाले होते. देवानं माफ केलं असेल. माझी तक्रार देवाबद्दल नव्हतीच. ज्याला सांगायचं होतं त्याला ते ऐकू गेलं नाही, आणि हे कुठल्या प्रार्थनेनं फिरवायचं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळचं एक राहिलं. तेल टिपलेले बोळे टाकून द्यायचे नसतात, जाळायचे असतात. ते कामही घरातल्या मुलीचं. सगळे बाहेरच्या खोलीत माळ जपायला बसल्यावर मी बशी उचलून चुलीपाशी नेली. कानांचा बोळा मला वेगळा ठेवायचा होता. का, ते नका विचारू, माझं मलाच माहीत नाही. मी बशी उजेडात धरली, एकेक बोळा बोटानं उलटून पाहिला. सहाच्या सहा सारखे होते, मीच सारखे वळले होते. मग ते सगळे चुलीत टाकले.